बारदान्याच्या दुकानातली बाज

शिवकन्याला सध्या एकाच शब्दाचा भयंकर राग येतो: अनुभव. नववा लागलाय, पायांवर सूज, रात्री डोळ्याला डोळा नाही. बोलून दाखवावं तर नवरा संगमेश म्हणणार, तुला काय नवीन हाय का, अनुभव हाय की. सासू गंगम्माही तेच म्हणणार. कंधारहून आई फोनवर तेच म्हणते, आणि भावजयीचं पहिलंच आहे, मला निघता यायचं न्हाई, असंही सांगून टाकते. पहिलटकरणीचे लाड काय असतात ते शिवकन्याला ठाऊक आहे, तिचेही झाले होते. या खेपेला ओटी भरायचीसुद्धा कुणाला आठवण झाली नाही. आरती आणि वीरेश, मुलगी-मुलगा दोन्ही असताना हे तिसरं कसं काय, म्हणून शेजारणी तोंडाला पदर लावून हसतात. तेवढं मात्र सगळ्यांच्या लक्षात राहतं.

बरं, तिचं मागणं तरी काय? गच्चीवर पडलेली जुनी बाज नव्यानं विणून द्या. बस्स. घरात डबल बेड आहे, वर जाड गादी आहे, हे तिलाही दिसतं. पण बाजेखाली शेगडी सरकवून शेक घेता येतो, आणि मुख्य म्हणजे बाजेवरच्या बाळंतिणीला कुणी कामाला हाक मारत नाही. वीरेशच्या वेळी बाज सैल झालेली म्हणून ती बेडवर निजली, आणि तिथंच फसली. बेडवरची बाई म्हणजे जरा आडवी झालेली बाई, असं घरानं धरून चाललं. बारसं होतंय न होतंय तोच ती भाकऱ्या थापत होती. तेव्हा कंबर धरली ती अजून सुटली नाही. आता सव्वा महिना बाजेवरून उतरायचं नाही, असं तिनं पक्कं ठरवलेलं.

आता गंमत बघा. या संगमेशचं दुकान कशाचं, तर बारदान्याचं. लातूरच्या मार्केट यार्डाजवळ बसून हा माणूस पोती आणि सुतळी विकतो. अख्ख्या बाजाराच्या पोत्यांची तोंडं याच्या सुतळीनं शिवली जातात, आणि याच्याच घरची बाज झोळीसारखी लोंबतेय! रोज आठवण करावी, रोज त्यानं उद्या म्हणावं. असला कसला मेला उद्या, जो कधी उजाडतच नाही.

त्या दिवशी दुपारी गंगम्मानं पिशवी भरायला घेतली. उदगीरला लेकीच्या नव्या घराची वास्तुशांत होती, तिकडंच पंधरा दिवस राहायचा बेत होता. आणि मी बाळंत झाले तर, असं शिवकन्यानं विचारलं. गंगम्मा घड्या घालता घालता म्हणाली, "तुला काय गं, अनुभव हाय."

शिवकन्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात दुकानाचा हमाल माणिकप्पा रोजच्यासारखा मालाचा ऑटो घेऊन जेवणाचा डबा न्यायला आला. तिनं त्याला बाज खाली उतरवायला सांगितली. मालकानंच मागवली असेल, असं समजून त्यानं ती ऑटोत टाकली. डबा मांडीवर घेऊन ही पुढं त्याच्या शेजारी जाऊन बसली. गंगम्मा दारातून हाका मारत राहिली, हिनं मागं वळून बघितलं नाही.

दुकानात भर गिऱ्हाइकी चालली होती. तिनं बाज बरोबर संगमेशच्या बैठकीच्या गादीसमोर टाकायला लावली.

"माणिकप्पा, हितंच विणा. मालकांना घरी सवड न्हाई."

दोघं-तिघं व्यापारी अदबीनं बाजूला सरकले आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले. संगमेशचा चेहरा उतरला. तो जवळ येऊन पुटपुटला, घरी सांगायचं की. "महिनाभर सांगूनच राहिले," ती म्हणाली, आणि हे मात्र तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. माणिकप्पानं सुतळीचा गुंडा सोडला. बाज विणायला दोन माणसं लागतात, एकानं ओवायचं, दुसऱ्यानं ताणून धरायचं. लवकर आटपावं म्हणून संगमेशच दुसरीकडून ओढायला बसला. त्याच्या तळहातांवर वळ उठले. शिवकन्याला वाईट वाटलं नाही, उलट बरंच वाटलं.

बाज ताठ झाली तशी शिवकन्या काठावर टेकली. करकरली नाही, लोंबली नाही. मग तिनं पाय वर घेतले, कुशीवर झाली आणि पदर डोळ्यांवर ओढला. तिला रडू येत होतं, आणि ते आता तिनं आवरलं नाही.

"ऊठ आता," संगमेश हळूच म्हणाला. "लोक बघून राहिलेत."

"सव्वा महिन्यानं उठवा."

मग त्यानं शटर अर्धं खाली ओढलं आणि आईला फोन लावला. उदगीरचं राहू दे अव्वा, तू हितंच थांब, असं त्यानं सांगितलं. पलीकडून गंगम्मा काय म्हणत असेल, ते पदराआडूनही शिवकन्याला पाठ होतं.

"हाव अव्वा, तिला हाय अनुभव," संगमेश म्हणाला. "मला न्हाई."