खंडारे गार्डाचा देव

खंडारे गार्ड माणसांपुढे हात जोडायचा आणि काळविटांना शिव्या द्यायचा. "पे, भाडखाऊ, पानी पे लवकर! मानसं येऊन राह्यले!" ही त्याची काळविटांशी बोलण्याची रीत. माणसांपुढे मात्र टोपी काढून, "सायेब, तेवढं उठता का?"

कामरगावच्या पलीकडे गवताळ माळावर तो जंगलखात्याचा गार्ड होता. मी गावच्या शाळेत मास्तर. रविवारी सायकल काढून त्याच्याकडे जायचो. बहात्तरच्या दुष्काळानंतरचा उन्हाळा. नाल्यातला एक डोह सोडला तर माळावर पाणी उरलं नव्हतं. ऊन कललं की काळविटांचा कळप उतारावर येऊन थांबायचा आणि नेमक्या त्याच वेळी काळवीट बघायला अकोल्याच्या जीपगाड्या डोहावर यायच्या. सतरंज्या पसरायच्या, रेडिओ लागायचा आणि एकही काळवीट दिसत नाही म्हणून खंडारेला बोल लावला जायचा.

"तुमी उठसान तवा ते येतीन, सायेब. तहानेनं मरून राह्यले ते."

"जंगल सरकारचं आहे. तुझ्या बापाचं आहे का?"

"नाही जी. माह्या बापाचं असतं तर हात कायले जोडले असते?"

एकदा एक बडे पाहुणे आले. डोहाकाठी खुर्ची टाकून त्यांनी निसर्ग ही आपली आई आहे असं सांगितलं. तेवढ्यात त्यांच्या ड्रायव्हरने आईच्या पाण्यात जीप धुऊन घेतली. खंडारे अंधार पडेपर्यंत ओंजळीने साबणाचा फेस काढत होता. सकाळी उतारावर दोन पाडसं मेलेली सापडली.

त्यानंतर तो मंगरूळपीरला गेला, तेव्हा दर्ग्यात त्याला असलीच मंडळी दिसली. जोडे बाहेर, मान खाली, तोंडातून शब्द नाही. परत येऊन त्याने डोहाकाठचा एक धोंडा शेंदराने माखला.

मला हे सांगताना त्याचा चेहरा बघवत नव्हता. छप्पन साली बौद्ध झाल्यावर त्याच्या वडिलांनी घरातले देव गाठोड्यात बांधून नदीत सोडले होते. "बापानं देव बुडवले, मास्तर, अन् म्या एक उभा केला. काय करू? पानी वाचलं पाह्यजे."

थोडे दिवस वाचलंही. लोक लांबूनच हात जोडून निघून जायचे. मग कोणाला तरी आपला एक नवस आठवला. नारळ आला, नारळामागे स्वयंपाक आला, मग शनिवारचा भंडारा. जीपगाड्यांमागे बैलगाड्या लागल्या. कळप उतारावर तसाच उभा.

एका शनिवारी पंगतीच्या मधोमध उभा राहून खंडारे ओरडला, "देवगिव काही नाही इथं! हा शेंदूर म्या लावला. दुकानातून आनला. उठा, बापहो!"

एका म्हातारीने त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं. "देवानंच तुह्या हातून करून घेतलं, बाबू."

"अन् तू कोन म्हनाचा?" कोणीतरी विचारलं.

"खंडारे. बौद्ध."

देव खोटा आहे हे कोणालाच पटलं नव्हतं. तो बाटला आहे हे सगळ्यांना तत्काळ पटलं. मारहाण झाली नाही; सभ्य माणसं होती. देव धुऊन शुद्ध करायला त्यांनी बादल्या घेतल्या आणि डोह उपसायला सुरुवात केली.

खंडारेने क्षणभर त्या बादल्यांकडे पाहिलं आणि कपड्यांनिशी डोहात उडी टाकली. कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून तो म्हणाला, "आता हे पानीबी बाटलं. न्या आता!"

बादल्या तिथेच रिकाम्या झाल्या. धोंडा उचलून गाडीत घातला गेला, बैल जुंपले गेले. त्या पाण्याकाठी पुन्हा कोणी बसणार नव्हतं.

मी हात दिला, पण तो बाहेर येईना. "पानी वाचलं, मास्तर," तो म्हणाला. "पन तुमाले कोनी विचारलं तर सांगजा, खंडारे बाटवाले नाही, तहान लागली म्हनून उतरला होता."

पावसाळ्याआधी त्याची बदली झाली. मला आजतागायत कोणी विचारलेलं नाही.