कमरेचं फडकं

त्या कार्तिकात मला वाटलं, देवानं माझी सेवाच बंद केली. सन ऐंशीच्या आसपासची गोष्ट. पवनीला सासरी आले तेव्हापासून कार्तिकातल्या दर सोमवारी वैनगंगेतून कळशी भरायची आणि घाट चढून महादेवाला पाणी घालायचं, हा माझा नेम. साठी उलटली आणि अर्ध्या पायऱ्यांतच धाप लागू लागली. माझी आई श्वासासाठी तडफडतच गेली होती. आपलंही तसंच होणार, या भीतीनं माझी झोप उडाली. डॉक्टर म्हणाले, हृदय चांगलं आहे, फुप्फुसं साफ आहेत, हे वयाचं आहे. माझा विश्वास बसला नाही. सून रोज म्हणायची, "द्या न माह्याकडे कळशी, आत्याबाई." मी कसली ऐकते!

धानाच्या रोवणीत आम्ही बायका लुगड्यावरून कमरेला फडकं आवळतो, वाकताना पाठीला आधार मिळतो. दम पुरेना म्हणून मी ते घाट चढतानाही बांधू लागले, आणि धाप वाढली की आणखी आवळू लागले. दवाखान्यात मात्र लाजेनं काढून गेले होते.

शेवटच्या सोमवारी मधल्या पायरीवर डोळ्यांपुढे अंधारी आली. कळशी खाली ठेवली नि म्हटलं, "महादेवा, आता तूच पाह्य." नावेची वाट पाहत बसलेली एक म्हातारी बाई उठून जवळ आली. पूर्वी नर्स होती, पैलतीरी लेकीकडे निघाली होती. तिनं आधी माझ्या कमरेची गाठ सोडली.

"वय झालं का फासळ्या ताठ होतात, बाई. छाती पयल्यासारखी फुगत नाही. मंग पोटानं श्वास घ्या लागते. अन् तुम्ही त पोटच आवळून ठेवलं!"

तिनं माझा हात माझ्याच पोटावर ठेवला आणि हळूहळू श्वास सोडायला लावला. किती दिवसांनी श्वास पार खालपर्यंत गेला! मला रडूच कोसळलं. मग थांबत थांबत वर गेले, पिंडीवर पाणी घातलं. परतले तर नाव पैलतीराला लागत होती. बाईंचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

ती तिथं आपसूक होती की कुणी बसवली होती, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. इतकी वर्षं देवापर्यंत पोचणंही मी माझ्याच जोराचं काम समजत होते, एवढं मात्र कळलं. आता दम लागला की खुशाल पायरीवर बसते. तो वाट पाहतो.

फडकं टाकलं नाही. त्याची चुंबळ केली. ती डोक्यावर घेऊन, तिच्यावर कळशी ठेवून सून पुढे चढते आणि मी मागून सावकाश येते. वर पोचल्यावर पाणी आम्ही दोघी मिळून घालतो.