कवितेखालची नावे

निवृत्तीनंतर मी धुळ्याहून निघणाऱ्या एका लहान दिवाळी अंकाचे संपादन अंगावर घेतले. कवींचा त्रास मला ठाऊक होता. कवींच्या नातेवाइकांचा नव्हता.

धुळ्याच्याच देवपुरातली अकरावीतली एक मुलगी कविता घेऊन आली. आजोबा मारवाडातून जळगावला आले आणि त्यांनी तिथे कापडाचे दुकान काढले. तिचे वडील धुळ्याची शाखा सांभाळतात. मूळ गावाला घरात अजून ‘देस’ म्हणतात, मग तिथे कुणी जावो न जावो. मुलगी घरात मारवाडी बोलते, गल्लीत अहिराणी, आणि लिहिते मराठीत. कविता लहान होती; एकही शब्द फुगवलेला नव्हता. मी स्वीकारली. तिची छापून येणारी ही पहिलीच.

“खाली फक्त माझं नाव हवं, आबा,” ती म्हणाली.

दुसऱ्या कुणाचे असणार, असे मला वाटले.

प्रूफ तपासायला तिच्या घरी पाठवले. परत आले तेव्हा कवितेखाली ‘विनीत’ असा शब्द होता आणि त्याखाली ताऊजी, वडील, काका, चुलतभाऊ, सगळे वयाच्या क्रमाने. तळाशी कवयित्री.

मी वडिलांना फोन केला. “ही लग्नपत्रिका नाही.”

“नाराज होऊ नका, आबा. घरातून छापील कागद बाहेर पडला की मोठ्यांची नावं लागतात. एखादं राहिलं तर बाजारात लगेच विचारतात, भाऊ वेगळे झाले का?”

“कवितेवरून कोण विचारतो?”

“तुम्ही आमचे लोक ओळखत नाही.”

छापखाना त्या एका पानासाठी थांबला होता. दुसऱ्या दिवशी बापलेक दोघे माझ्या घरी आले. मुलगी बसलीही नाही.

“नावं छापणार असाल तर कविता परत द्या.”

“अगं, ताऊजींना काय सांगू मी?” वडील काकुळतीला आले.

मी त्यांना जळगावला फोन लावायला सांगितला. ताऊजी म्हणजे त्यांचे थोरले बंधू. घरातला शेवटचा शब्द त्यांचा. स्पीकरवर त्यांचा आवाज खणखणीत आला.

“आबासाहेब, तुमच्या लेखाखाली तुमच्या भावाचं नाव असतं?”

“नाही.”

“बघा! म्हणजे भांडण असणार.”

भांडण होते. पण तो मुद्दा वेगळा.

“आपण कविता वाचलीत का?” मी विचारले.

“त्यात वाचायचं काय? घरच्या पोरीची आहे. चांगलीच असणार.”

न वाचता एवढ्या कर्त्या पुरुषांनी तिच्याखाली नावे घातली होती. मी मुलीला कविता मोठ्याने वाचायला सांगितली. तिने उभ्यानेच वाचली. शेवट असा होता:

तुमचा देस मला ओळखत नाही,
आणि माझ्या गावाला
तुम्ही अजून दुकानच म्हणता.

पलीकडून ताऊजींनी विचारले,

“हे कोण म्हणतंय?”

“मी.”

“आपण सगळे नाही?”

“नाही, ताऊजी. एकटी मी.”

“मग आमची नावं काढा. असलं आम्ही म्हणत नाही.”

फोन बंद झाला. वडील फोनच्या काळ्या पडद्याकडे पाहत राहिले. मुलीला हवे ते मिळाले होते. खूश मात्र ती दिसली नाही. मी प्रूफवरची सगळी नावे खोडली आणि एक ठेवले.

अंक निघाला. लक्ष्मीपूजनाला सगळे कुटुंब दरवर्षी जळगावला जमते. ती अंक घेऊन गेली. पोस्टाने पाठव, असे मी सुचवले होते, ऐकले नाही. दिवाळीनंतर तिचा फोन आला.

“ताऊजींनी वाचली?”

“वाचली. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग जेवताना सगळ्यांसमोर म्हणाले, पुढच्या वेळी ‘दुकान’ काढ आणि ‘पेढी’ घाल.”

“तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, तुमच्या कवितेत घाला.”

“मग?”

“मग त्यांनी विचारलं, आबा पुढच्या अंकासाठी कविता कधीपर्यंत घेतात?”

मी मुदत सांगितली नाही.