आमच्या दारातला भराव

आमच्या सोसायटीच्या दारात भराव टाकायला डंपर मी बोलावले. बिल्डरनं नाही, कुठल्या पुढाऱ्यानं नाही. मी. लुंगी वर खोचून, खांद्यावर टॉवेल टाकून मी गेटपाशी उभा होतो आणि हात हलवत ओरडत होतो, "आने दो, आने दो, और आने दो!" आणि ते आले.

नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. गिरगावातली खोली सोडून आम्ही भाईंदर पूर्वेला तळमजल्यावर वन रूम किचन घेतलं होतं. संडास घरात, या एका गोष्टीवर मी वर्षभर खूश होतो. समोर नुसतं खाजण, खाडीची दलदल. गेटपासून मोठ्या रस्त्यापर्यंत चिखल, आणि त्यात टाकलेल्या विटांवरून उड्या मारत आम्ही नोकरदार मंडळी बूट पिशवीत घेऊन निघायचो. पावसाचं पाणी मात्र कंपाउंडात कधी थांबलं नाही. गेटसमोर एक घळ होती, तिच्यातून ते थेट खाजणात जायचं. ही घळ मी रोज पाहायचो. बायको म्हणते, पाहायचात कुठे, नुसते ओलांडायचात.

बायको गिरगावात शाळेत शिकवत होती. भाईंदरला यायचा हट्ट माझा, नोकरी सुटली तिची. त्या नोकरीच्या जागी आता तिच्याकडे एक सतरंजी होती. सकाळी कॉट उभी करून भिंतीला लावायची, सतरंजी अंथरायची, की पुढच्या खोलीत बालवाडी सुरू. कोकणातली, गुजराती, यूपीकडची, सगळी पोरं एका सुरात मराठी बडबडगीतं किंचाळायची. त्या आवाजात तिचा चेहरा गिरगावातल्यासारखा दिसायचा.

मग समोरचं खाजण एका बिल्डरनं घेतलं. सात-सात मजल्यांचं कॉम्प्लेक्स होणार होतं. मातीचे डंपर फिरायला लागले. मला वाटलं, एवढी माती उतरतेय, आपल्या चिखलावर चार पाट्या पडल्या तर कुणाचं काय जातंय? गॉगल लावलेल्या सुपरवायझरला गाठलं.

"भाईसाब, दो-चार गाडी हमारे गेट पे भी डाल दो ना."

"दो-चार क्यों साहब? पूरा रास्ताच बना देते आपका."

फुकट! ज्या गावात आम्ही प्यायचं पाणीसुद्धा टँकरनं विकत घेत होतो, तिथं हा माणूस माती फुकट का देतोय, हा प्रश्न मला पडला नाही. घळीचं विचारलं मात्र मी, तेवढा हुशार होतो. "नीचे पाइप डाल देंगे," तो म्हणाला. झालं. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर सोसायटीनं मला शाल आणि नारळ दिला. मी छोटंसं भाषणही केलं. विषय होता नागरिकांचा पुढाकार.

पाइप आला नाही. आल्या गाड्या. तो रस्ता आमच्यासाठी नव्हताच, त्याच्या डंपरचा लांबचा वळसा वाचवण्यासाठी होता. सळया, खडी, सिमेंट, सगळं आमच्या खिडकीला घासून जायला लागलं. बडबडगीत सुरू झालं की हॉर्न, हॉर्न थांबला की धूळ. एकदा बालवाडी सुटायच्या वेळी रिव्हर्स येणाऱ्या डंपरनं आमच्या गेटचा खांब पाडला. खांबाच्या पलीकडे एक आई खाली बसून पोराला चप्पल घालत होती. दोघं थोडक्यात वाचली. ड्रायव्हरनं मान बाहेर काढली आणि तिलाच झापलं, "इधर क्यूँ बैठी है?" आज लिहितानाही माझे कान गरम होतायत. बाई स्वतःच्या सोसायटीच्या गेटमध्ये बसली होती!

जुलैत पाणी तुंबलं. घळ गाडलेली, पलीकडे बिल्डरचा भराव पुरुषभर उंच. कंपाउंडाचं घमेलं झालं होतं. त्यात सेप्टिक टँक भरून वर आला. ते पाणी कसं होतं हे लिहीत नाही, जेवता जेवता वाचणारेही असतात. सतरंजी उचलून कॉटवर ठेवली. आया एकेक करून दाराशी आल्या, साड्या गुडघ्यापर्यंत धरून. "टीचर, बुरा मत मानना. पानी उतरने दो, फिर भेजते है." बायको मान डोलवत होती. पाणी उतरत नव्हतं. मला घरात बसवेना.

मी तसाच ओल्या पायांनी बिल्डरच्या ऑफिसात गेलो. आत एसी, गालिचा आणि मधोमध काचेखाली कॉम्प्लेक्सचं मॉडेल. थर्माकोलच्या इमारती, भुशाची हिरवी झाडं. आमची सोसायटी शोधली. ती नव्हतीच. तिच्या जागी निळी काच बसवली होती आणि काचेवर प्लास्टिकची दोन बदकं.

"ये क्या है?"

"सर, लेक है. लेक व्ह्यूवाले फ्लॅट का रेट थोडा अलग है," काउंटरवरची मुलगी गोड हसत म्हणाली.

"ये लेक मेरे घर में है!" मी इतक्या जोरात ओरडलो की शिपाई चहाचा ट्रे घेऊन उलटा फिरला. मी मॉडेलवरचं काचेचं झाकण उचललं, एक बदक उपटलं आणि तरातरा बाहेर पडलो. माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा निषेध तो एवढाच. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "काय म्हणाले?" मी खिशातून बदक काढून दाखवलं. ती स्वयंपाकघरात निघून गेली.

मग मी रास्ता रोको ठरवला. शालवाला माणूस बोलावतोय म्हटल्यावर सगळी सोसायटी आली. भरावावर खुर्च्या मांडून आम्ही ठाण मांडलं. घोषणा मीच लिहिल्या होत्या. डंपर थांबले, रांग लागली, सुपरवायझर गॉगल पुसायला लागला. मी विजयी मुद्रेनं वर पाहिलं, तर गॅलरीतून आमच्याच बायका ओरडत होत्या, "अहो, उठा! उठा आधी!" रांगेत तिसऱ्या नंबरला आमच्याच सोसायटीचा पाण्याचा टँकर उभा होता. टाकी सकाळपासून कोरडी. टँकरवाला ओरडला, "पाच मिनिट में नहीं छोडा तो दुसरी सोसायटी में खाली करूंगा!" आम्ही खुर्च्या उचलल्या. टँकरच्या आधी दोन डंपर सोडावे लागले. त्यांतल्या एकानं जाता जाता मला हात दाखवला.

रविवारी सकाळी मी चहा घेत होतो. बाहेर धप्प धप्प आवाज आला. बायको पदर खोचून भरावात पहार घालत होती. एकटी. मी उठायच्या आत वरच्या मजल्यावरची गुजराती बेन फावडं घेऊन उतरली होती, आणि मागोमाग त्या चप्पलवाल्या पोराची आई. नंतर आम्ही पुरुष. दुपारपर्यंत रस्ता आडवा चिरला गेला आणि कंपाउंडातलं पाणी घाण वास सोडत त्या चरातून उरलेल्या खाजणाकडे सुटलं.

सुपरवायझर धावत आला. "ये क्या किया भाभी? मेरी गाडी कैसे जायेगी?"

"पाइप के लिए जगह किया," बायको म्हणाली आणि पहारीला टेकून उभी राहिली. "पाइप डालो, गाडी निकालो. तब तक कोई ये मिट्टी को हाथ नहीं लगायेगा."

पावसाळा अर्धा सरेपर्यंत ज्याच्याकडे पाइप नव्हता, त्याच्याकडे संध्याकाळी पाइप होता. आमची घरं बुडत होती तोवर नव्हता. त्याचे डंपर अडले, की आला! याचा राग मला पाण्यापेक्षा, त्या हॉर्नपेक्षा जास्त आला, आणि तो अजून तसाच आहे. बालवाडी परत भरली, पण सगळी पोरं काही आली नाहीत.

पाइप घेऊन ट्रक रिव्हर्समध्ये आला तेव्हा मी गेटपाशीच होतो. सवयीनं माझा हात वर गेला. "आने दो, आने..."

"अहो," चिखलानं बरबटलेली बायको चरातून ओरडली, "हात खिशात घाला. ड्रायव्हरला दिसतंय सगळं. तुम्हालाच दिसत नाही."