चातुर्मासातलं टेल्युरियम

टेल्युरियम धातू की अधातू, यावर आमच्या गाईडचं आणि विभागप्रमुखांचं कधी एकमत झालं नाही. पण तो माणसाच्या अंगात गेला की तोंडाला लसणाचा वास येतो, यावर मात्र सगळ्या विभागाचं एकमत होतं. फार लागतही नाही. नखाखाली कण राहिला, थोडी वाफ नाकात गेली, की शरीर त्याचं उडून जाणारं काहीतरी बनवतं आणि ते श्वासावाटे सोडत राहतं, आठवडेच्या आठवडे. ज्याच्या तोंडाला वास येतो त्याला स्वतःला तो कळत नाही. गाईडना हे सगळं पुस्तकातून माहीत होतं, कारण ते स्वतः टेल्युरियमला हात लावत नसत. त्यासाठी त्यांनी मला घेतलं होतं.

सत्तरच्या दशकाचा मधला काळ होता. हिंगोली तेव्हा तालुक्याचं गाव. तिथल्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवायचो आणि सुट्टी लागली की एसटीनं औरंगाबादला जाऊन पीएच.डी.चं काम करायचो. माझा विषय एका दमात सांगता येत नसे. सेलेनियम आणि टेल्युरियम यांची क्लोरिन, ब्रोमिन वगैरेंबरोबरची संयुगं बनवायची आणि वर्णपटावरून त्यांची रचना ठरवायची. बनवणं त्यातल्या त्यात सोपं. काचेच्या नळीत टेल्युरियमचे राखी खडे ठेवायचे, खालून तापवायचे आणि सल्फ्युरिक आम्लातून कोरडा करून घेतलेला क्लोरिन त्यांच्यावरून सोडायचा. आधी काळा रस होतो, मग तो पिवळसर होत जातो आणि निवला की त्याचे फिकट स्फटिक धरतात. या स्फटिकांना हवेतला ओलावा सोसत नाही. बूच जरा ढिलं राहिलं की धूर सोडतात आणि मागे नुसती पांढरी पूड उरते. मराठवाड्यात पाऊस नाही म्हणून सगळे आभाळाकडे बघत होते तेव्हा कोरड्या हवेवर खूश असलेला मी एकटाच असेन. ही गोष्ट गावी गेल्यावर मी कधी बोललो नाही.

ओळख पटवणं अवघड. पदार्थातून अवरक्त प्रकाश सोडायचा, त्यातला कुठला तो गिळतो ते यंत्रानं कागदावर उमटवायचं आणि त्यावरून आत कोण कोणाला कसं जोडलेलं आहे ते ताडायचं. त्यासाठी पदार्थ पातळ पॅराफिनमध्ये खलावा लागतो. हे पॅराफिन मेडिकल दुकानात बद्धकोष्ठाचं औषध म्हणून मिळतं. मी बाटली मागितली की हिंगोलीचा दुकानदार दयेनं बघायचा आणि पालेभाजी खात जा म्हणायचा. विद्यापीठातलं यंत्र जुनं. टेल्युरियम आणि क्लोरिनचा बंध जिथं दिसायला हवा तिथवर ते पोचतच नसे. माझ्या पहिल्या वर्षाच्या आलेखांवर ज्या दऱ्याखोऱ्या उमटल्या त्या सगळ्या पॅराफिनच्या होत्या. गाईडनी त्यावर ‘समाधानकारक’ असा शेरा मारून सही केली.

पदार्थ न फोडता तो कशाचा आहे हे ओळखण्याची खरी विद्या हिंगोलीतल्या घरमालकांपाशी होती, आणि त्यांची यंत्रं कधी बिघडत नसत. आम्ही बौद्ध. बापानं घरातले देव नदीत सोडले तेव्हा मी शाळेत होतो. नोकरी लागल्यापासून मी जागा शोधत होतो. गावात रिकाम्या खोल्या पुष्कळ होत्या, मी गेलो की तेवढ्या भरायच्या. बायको आणि शाळेच्या वयाची झालेली मुलगी औंढ्याच्या पुढे, गावी, माझ्या आईबापाजवळ होत्या. मुलीला हिंगोलीच्या शाळेत घालायचं असं आम्ही नवराबायकोनं ठरवलेलं. त्यासाठी दोन खोल्या हव्या होत्या, एवढंच अडलेलं.

शेवटी एका निवृत्त कारकुनाच्या घरी त्या मिळाल्या. मी त्यांना काका म्हणायचो, ते मला सर. सारी हयात कचेरीत सातबारा उतरवण्यात गेलेली, त्यामुळे चौकशी पद्धतशीर. गाव कोणतं? औंढ्याकडचं. औंढ्याच्या अलीकडं की पलीकडं? पलीकडं. पाव्हणे कुठं कुठं? वडील काय करतात? जमीन आहे? थोडी आहे. आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून काही हाती लागेना. सरळ विचारणं त्यांना असभ्य वाटत होतं आणि काका सभ्य गृहस्थ होते. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. कॉलेजात प्रोफेसर आहे, पांढरा शर्ट घालतो, मोठ्यानं बोलत नाही, या तीन गोष्टींवरून त्यांनी बाकीच्या जागा आपल्या मनानं भरून टाकल्या आणि अट घातली ती एकच. घर सोवळ्याचं आहे, चातुर्मासात कांदा-लसूण उंबऱ्याच्या आत यायचा नाही. मी मान्य केलं. पोळा झाला की बायको आणि मुलगी येतील, असंही सांगून ठेवलं.

ती उन्हाळ्याची सुट्टी मी टेल्युरियम तापवण्यात घालवली होती, आणि सीलबंद नळ्या घेऊन हिंगोलीला आल्यावरही रविवारी कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम चालूच होतं. पहिल्या बाकावरची मुलं हळूहळू मागं सरकली. स्टाफरूममध्ये माझ्या शेजारची खुर्ची मोकळी राहू लागली. मला वाटलं, मान वाढला.

आषाढी एकादशी होऊन गेली आणि एक दिवस काका दारात उभे राहिले.

“सर, रागवू नका. पण तुमच्याकडून लसणाचा वास येऊन राहिला.”

मी त्यांना आत घेतलं. वातीचा स्टोव्ह दाखवला, मिसळणाचा डबा उघडून दाखवला. त्यांनी डब्यातल्या हळदीखालीसुद्धा चमचा घालून पाहिला. काही निघालं नाही, तेव्हा त्यांचा संशय पक्का झाला.

“म्हंजे बाहेर खाता. कनेरगाव नाक्याच्या ढाब्यावर तुमाला पाह्यलं म्हणून लोक सांगून राहिले.”

मी टेल्युरियमची हकीकत पहिल्यापासून सांगितली. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. कचेरीत त्यांनी याहून चांगल्या थापा ऐकल्या असाव्यात.

“धातू हाताळला तं तोंडाला लसणाचा वास? सर, आमी कचेरीत होतो. कागदावर काय बी लिवता येते. मौक्यावर जाऊन पाह्यल्याबिगर आपण बराबर म्हणत न्हाई.”

त्याच रविवारी ते मौका पाहणीला प्रयोगशाळेत आले. छत्री, टोपी, काखेत पिशवी. पावसाळी दमट हवेत एका नळीचं तोंड गळत होतं आणि टेबलावर पांढरी पूड सांडलेली होती. मी कशाला हात लावू नका म्हणालो. त्याबरोबर त्यांनी पुडीवरून बोट फिरवलं, चोळून पाहिलं, नाकाशी नेलं. लसणाचा वास काही आला नाही.

“हिला तं वासच न्हाई! मंग तुमच्या तोंडाला कुठून येते?”

“आधी हात धुऊन घ्या, काका,” मी म्हणालो.

पण सोवळ्यातल्या माणसाला हात धुवायला दुसऱ्यानं सांगायचं नसतं. काकांचा चेहरा उतरला. त्यांनी खिशातून तंबाखूची पुडी काढली. काकूंपुढे, औंढ्याच्या नागनाथाची शपथ घेऊन, तंबाखू सोडलेली असल्यानं ती त्यांना बाहेरच खावी लागे. त्याच बोटांनी चुना लावून त्यांनी ती निवांत मळली आणि तोंडात टाकली. मी थुंका, थुंका म्हणून ओरडलो. तंबाखूवरून ओरडून घ्यायची त्यांना घरी सवय होती, त्यांनी लक्ष दिलं नाही. एवढ्यानं जिवाला धोका नव्हता, हे मला ठाऊक होतं. पुढं काय होणार तेही ठाऊक होतं, आणि खोटं कशाला सांगू, घरी येताना मी गालातल्या गालात हसत होतो.

चातुर्मासात काकांच्या ओसरीवर रोज संध्याकाळी पोथी असायची. वाचणारे काका, ऐकायला गल्लीतली दहापाच मंडळी. दुसऱ्याच दिवशी पुढं बसलेल्यांनी पदर नाकाला लावले. तिसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्यानं भर पोथीत विचारलं, “महाराज, काय जेवून आले?” चौथ्या दिवशी काकूंनी पोथी काढून घेतली आणि शेजाऱ्याच्या हाती दिली. काकांचं ताट पडवीत वाढलं जाऊ लागलं. पाण्याचा तांब्याही वेगळा. सोवळ्यात वाढलेला माणूस आपल्याच घरात परक्यासारखा कोपऱ्यात बसून जेवतोय, हे मी खिडकीतून बघत होतो. पहिल्या दिवशी हसू आलं. नंतर येईना. लोकांच्या दारात तसं बसून जेवलेली माणसं आमच्या घरात होती, आणि त्यांच्या तोंडाला कसलाच वास नव्हता.

श्रावणातल्या एका संध्याकाळी काकांनी मला ओसरीवर बोलावलं. माणसं जमलेली होती. काकू देवघराच्या दारात उभ्या.

“सांगा, सर,” काका म्हणाले, “तुमी शिकेल माणूस. सांगा ह्यांना, मी लसूण न्हाई खाल्ला म्हणून. ते तुमचं टेल्लर का काय ते सांगा.”

महिन्यापूर्वी ज्यांनी माझ्या एका शब्दावर विश्वास ठेवला नव्हता, ते आता तेच शब्द माझ्या तोंडून ऐकायला हात जोडून उभे होते. मी सांगितलं. पूड, बोट, सगळं. तंबाखूचं नाव घेतलं नाही, नुसतं बोट तोंडात गेलं म्हणालो. मंडळी एकमेकांकडे बघू लागली.

“मी नागनाथाची शपथ घेतो,” काका म्हणाले.

“तुमच्या शपथा मला ठावं हायेत,” काकू म्हणाल्या. “खिशात काय हाये ते बी ठावं हाये. तुमी गप बसा.” त्यांनी देवघरातून बेलाचं पान आणलं आणि माझ्यापुढे धरलं. “सर, हे हातात घ्या. नागनाथाची शपथ घेऊन सांगा. मंग मी मानते.”

पान घ्यायचं, चार शब्द बोलायचे. कुणाचं काही गेलं नसतं. पोळा तोंडावर आलेला, बायकोनं भांडी बांधून ठेवलेली. हे सगळं माझ्या मनात आलं. पण देव नदीत सोडून आल्यावर बाप अंगणात कसा ताठ बसला होता, तेही आलं. आणि खरं सांगायचं तर मला रागही आला. इतके दिवस मी खरंच सांगत होतो, त्याला पानाची गरज का पडावी?

“काकू, मला शपथ घेता येणार नाही,” मी म्हणालो. “आम्ही बौद्ध आहोत. आम्ही देवाच्या शपथा घेत नाही. पण मी सांगितलं त्यात खोटं काही नाही.”

कुणीतरी सतरंजी आपल्याकडे ओढून घेतली. काकूंच्या हातातलं पान तसंच राहिलं. मग त्या नवऱ्याकडे वळल्या.

“खरं हाये ह्यांचं. खोटं बोलायचं असतं तं पान घेऊन मोकळे झाले असते. काहून आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला असता?” आणि मंडळींना म्हणाल्या, “ह्यांनी लसूण न्हाई खाल्ला.”

कुणी शंका काढली नाही. काका पुन्हा पोथीच्या पाटावर बसले. त्यांचा आवाज त्या दिवशी नेहमीपेक्षा मोठा होता. मी ओसरीच्या पायरीवरून उठून खोलीत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आले. नेहमी आत येऊन खाटेवर बसायचे, आज उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

“सर, तुमचे उपकार मी जिंदगीभर इसरणार न्हाई,” ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. “तुमच्या एका शब्दानं मला घरात ताट मिळालं. असा खरा माणूस मी पाह्यला न्हाई. कचेरीत बी न्हाई.”

मी खाटेवरची पुस्तकं बाजूला सारून त्यांना बसायला जागा केली.

“ह्या दोन खोल्या मला लागणार हायेत. लेक बाळंतपणाला येणार हाये म्हणून समजा.”

“काका, मी लसूण खाल्ला नव्हता, हे तर तुम्हाला पटलं ना?”

“पटलं ना! बराबर पटलं. तुमच्या घरात लसूण कधीच नव्हता, हे मी आता कोणापुढं बी सांगतो.”

“मग?”

ते पायातल्या चपलेकडे बघत राहिले.

“पोळ्यानंतर माझी बायको आणि मुलगी येणार आहेत, काका. तुम्हाला मी आधीच सांगितलं होतं. मुलीला इथल्या शाळेत घालायचं आहे.”

“ठावं हाये ना, सर,” ते कळवळून म्हणाले. “म्हणून तं आजच सांगून राहिलो. त्या आल्यावर सांगितलं असतं तं लेकराला किती तकलीफ झाली असती?”

आतून काकूंनी हाक मारली. ताट वाढलं होतं. काका जेवायला गेले.