उंदराची साक्ष

माझ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही आणि यात लोकांची काही चूक नाही. एकोणीसशे सत्तरच्या दशकात मी सोलापुरात मेडिकलच्या कॉलेजात औषधशास्त्र विभागात डेमॉन्स्ट्रेटर होतो. आमचं प्राणिगृह पत्र्याचं. मे महिन्यात ते इतकं तापायचं, की आमचे उंदीर पाण्याच्या नळीखाली रांगेनं उभे राहून अंघोळ उरकायचे, असं मी होस्टेलात सांगितलं होतं. निम्मं होस्टेल ते बघून गेलं. उरलेलं निम्मं मला पहिल्यापासून ओळखून होतं.

काम मात्र खरं होतं. परदेशी मासिकं आमच्याकडे बोटीनं यायची, त्यामुळे जगाचा ताजा शोध सोलापूरला शिळा होऊन मिळायचा. त्यातला एक आमच्या सरांच्या डोक्यात घट्ट बसला. मेंदूत म्हणे ठरावीक जागा असतात, कुलपांसारख्या. अफूचं औषध किल्लीसारखं त्यात बसतं आणि दुखणं गप्प होतं. रिसेप्टर म्हणतात त्या जागेला. सरांना छळणारा प्रश्न असा, की दारूची किल्ली याच कुलपाला लागते की तिचं कुलूप निराळं? प्यालेल्या माणसाला मार लागलेला कळत नाही हे अख्ख्या गावाला माहीत असतं. का कळत नाही, हे सरांना हवं होतं.

त्यासाठी आमच्याकडे पांढरे उंदीर होते, परवान्याचं स्पिरिट होतं आणि विजेवरचा एक तवा होता. उंदीर गरम तव्यावर सोडायचा, त्यानं पंजा चाटला की लगेच उचलायचा आणि मधले सेकंद वहीत लिहायचे. पहिल्यांदा प्यालेला उंदीर तव्यावर असा निवांत उभा राहायचा, जणू सिद्धेश्वराच्या तळ्यावर हवा खायला आलाय. रोज पाजत गेलं की काही दिवसांनी तोच उंदीर पुन्हा चटकन पंजा चाटायला लागायचा. आणि सकाळी त्याची दारू तोडली, तर दुपारी त्याला साधं बोट लागलेलं सोसायचं नाही. शेपटीला धरून उचलला तर अंगभर थरथरायचा, हवेतल्या हवेत पाय झाडायचा. एखादा त्या झटक्यातून उठायचाच नाही. ती थरथर मी इतकी पाहिली, की डोळे मिटूनही ओळखली असती. या परिच्छेदात थाप नाही. तळ्याचं तेवढं सोडा.

माझे मामा दुधनीला तुरीचे आडते. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि आवाज असा, की ते दुधनीत खाकरले तर अक्कलकोटात बैल थबकायचे. गावच्या दारूबंदी समितीचे अध्यक्ष. तोंडाला कायम वेलदोड्याचा वास. लहानपणी मला वाटायचं, पैसेवाल्यांचा घामच तसला असतो.

एका सोमवारी पोत्यांच्या थप्पीवरून पडून त्यांच्या मांडीचं हाड मोडलं. सोलापूरला आणलं, खाटेवर निजवून पायाला वजन टांगलं. दोन दिवस मामांनी त्या वजनाला कानडीतून आणि डॉक्टरांना मराठीतून शिव्या घातल्या, तेव्हा सगळे निर्धास्त होते. बुधवारी रात्रभर म्हणे झोपले नाहीत. गुरुवारी दुपारी मी वॉर्डात गेलो तर मामा घामानं निथळत होते आणि चादरीवरचं काहीतरी चिमटीनं वेचत होते.

“तूर सांडलीया,” ते मला म्हणाले. “समदी सांडलीया, आन् एक गडी भरंना.”

चादर स्वच्छ होती. हात मात्र असे थरथरत होते, की खाटेची लोखंडी दांडी वाजत होती.

वॉर्डातला तरुण हाउसमन, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, माझा चहाचा दोस्त. त्याचं म्हणणं, दुखणं फार आहे, अफूच्या इंजेक्शनाचा डोस पुरत नाही, चार वाजता दुप्पट देतो. मी विचारलं, पिण्याचं विचारलंस का? त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं. मामी, मुलगा आणि मुनीम असे तिघं खाटेभोवती उभे होते. तिघं एका सुरात नाही म्हणाले. वर मुनिमानं समितीच्या अध्यक्षपदाचं सांगितलं, तेव्हा त्या बिचाऱ्यानं माफी मागितली होती.

मी म्हटलं, हे दुखणं एकटं नाही, ही दारू तुटल्याची थरथर आहे, माझे उंदीर रोज अशी करतात. तो हसायला लागला. हसणारच. आदल्याच दिवशी मी त्याला सांगितलं होतं, की आमच्या एका पिऊन तर्र उंदरानं मांजराला कॉलेजच्या फाटकापर्यंत पळवत नेलं आणि मांजर रजेवर गेलं.

“काल मांजर, आज मामा,” तो म्हणाला. “अरे, सख्ख्या मामाला तरी सोड.”

आयुष्यात खरं बोलण्याचा इतका निकडीचा प्रसंग माझ्यावर कधी आला नव्हता आणि मला ते जमत नव्हतं. तीन वाजून गेले होते. अफूची किल्ली दुखणं थांबवते तसा श्वासही मंद करते. दुप्पट डोसानं मामांचा श्वास थांबला असता. आणि ही थरथर त्या किल्लीनं थांबत नव्हतीच, ती वाढली असती तर पुढं काय होतं ते मी पिंजऱ्यात पाहिलं होतं.

मी पळालो. त्या दिवशी मी इतका पळालो, की माझी सावली प्राणिगृहाच्या दारात माझ्यानंतर पोचली. सकाळीच ज्याची दारू तोडली होती असा एक उंदीर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात कापसावर ठेवला, झाकण किलकिलं ठेवलं आणि परत वॉर्डात. मुलगा आणि मुनीम जेवायला गेले होते. खाटेशी एकट्या मामी होत्या. हाउसमन ट्रे घेऊन येत होता.

मी डबा उघडला, उंदीर शेपटीला धरून अलगद उचलला आणि मामांच्या हाताशेजारी धरला.

दोघं एका तालात थरथरत होते. शेजारच्या खाटांवरचे रुग्ण कोपरावर उठून बघायला लागले. हाउसमनचं हसू अर्ध्यावर राहिलं. त्यानं ट्रे खाली ठेवला.

बोलल्या त्या मामी. उंदराकडे बघत त्यांनी हळू विचारलं, “ह्याची कदी तोडली?”

“आज सकाळी, मामी.”

“ह्यांची सोमवारधरनं तुटलीया.”

मग हाउसमन खाटेच्या काठावर बसला आणि आवाज उतरवून विचारत गेला. रोज रात्री अर्धी बाटली, सणाला जास्त. बाटली तुरीच्या पोत्यांमागं. ती पुसून ठेवायच्या मामी आणि वेलदोडे सोलून द्यायच्याही मामीच. वीस वर्षं.

“हे पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं,” तो म्हणाला.

“समद्यांम्होरं इचारलासा की,” मामी म्हणाल्या.

भरलेली सुई त्यानं बाजूला सारली. थरथर शांत करणारं दुसरं इंजेक्शन दिलं, ग्लुकोजमधून जीवनसत्त्व सुरू केलं आणि स्वतः नाडी धरून बसला. अर्ध्या तासानं दांडी वाजायची थांबली. मामांनी शेवटची तूर चिमटीत उचलली, मामींच्या हातावर ठेवली आणि ते घोरायला लागले. त्या घोरण्यानं अक्कलकोटचे बैल नक्कीच थबकले असतील. मामींनी कानडीत त्यांना काहीतरी सुनावलं आणि पदरानं डोळे पुसून त्या इतक्या मोकळ्या हसल्या, की मी त्यांना तसं हसताना पूर्वी पाहिलंच नव्हतं.

मुलगा जेवून आला. त्यानं मला जिन्यात गाठून सांगितलं, की वडिलांचं त्याला शाळेपासून माहीत आहे, फक्त आईला कळू देऊ नकोस. मुनीम मला पाणपोईशी भेटला. मालक घेतात, पण धाकल्या मालकांच्या कानावर घालू नका, म्हणाला. तिघं जण एकाच ओझ्याखाली वेगवेगळे वाकले होते. मी दोघांना मामींकडे पाठवून दिलं.

त्याआधी, मी डबा घेऊन खाटेपासून निघालो तेव्हाच मामींनी माझी बाही धरली होती.

“आन् ह्याला रं?”

मी म्हटलं, हा प्रयोगाचा आहे, मामी, ह्याला तसंच ठेवायचं असतं.

“त्यानं खरं सांगितलं की. त्याला बी दे.”

हाउसमननं मामांच्या इंजेक्शनातलं उरलेलं औषध माझ्या हातात ठेवलं. मग प्राणिगृहात जाऊन मी त्या उंदराला त्याच औषधाचा टिपूस दिला. तोही घोरला. खरंच, मी कान लावून ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी वही मागितली. तो उंदीर आता हिशेबातून बाद होता आणि कारण लिहिणं भाग होतं. मी जे झालं ते लिहिलं: “नातेवाइकांच्या आग्रहावरून उपचार केले.” शेजारी हेही लिहिलं, की अफूच्या इंजेक्शनानं ज्यांची थरथर थांबली नाही असे एक रुग्ण पाहिले, तेव्हा दारूला निदान आणखी एक कुलूप असावं.

सरांनी चष्मा वर करून दोन्ही ओळी वाचल्या. दुसरीखाली खूण केली, ही विचार करण्यासारखी आहे म्हणाले. पहिली त्यांनी तांबड्या शाईनं खोडली आणि म्हणाले, थापा होस्टेलात मारत जा, वहीत नको.

मी मान डोलावली आणि मामांसाठी चहा घेऊन वॉर्डाकडे निघालो. त्यांच्या शिव्या जिन्यापासून ऐकू येत होत्या.