आबातला ब

माझ्या सासऱ्यांना सगळं कळंब गाव आबा म्हणतं. आमच्या घरात मात्र काही वर्षं ते ‘आमा’ होते. हे नाव माझ्या लेकीनं पाडलं, कारण तिला ब म्हणताच येत नव्हता.

ती जन्मली तेव्हा तिचा वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेला होता आणि तोंडात टाळूला मागंपर्यंत फट होती. मी घाबरले, खोटं कशाला सांगू? सासूबाईंनी तोंडाला पदर लावला आणि पहिलाच प्रश्न केला, “गिऱ्हाणात काय चिरलं हुतंस गं?”

माझं डोकंच फिरलं. ग्रहणाच्या दिवशी मला खोलीत बसवून बाहेरून कडी घातली होती ती त्यांनीच. विळी सोडा, नखसुद्धा कापू दिलं नव्हतं. “आत्या, पहाऱ्यावर तर तुम्हीच होता,” मी म्हणाले. त्यांनी विषय सोडला, पण गावाचं तोंड कोण धरणार? बाळ बघायला आलेली प्रत्येक बाई मला ग्रहणाचंच विचारायची.

बारामतीच्या डॉक्टरांनी आपले दोन तळहात एकमेकांजवळ आणत समजावलं. पोटात बाळाचा चेहरा दोन्ही बाजूंनी वाढत येतो आणि मधोमध जुळतो. कधीकधी तो जुळायचा राहतो. नेमकं का, ते बहुतेक वेळा सांगता येत नाही, पण आईनं काही चिरल्यानं होत नाही.

“जुळतो कितव्या म्हैन्यात?” आबांनी विचारलं.

“ओठ दुसऱ्या महिन्यात. टाळू त्याच्या पुढं, तिसऱ्याच्या आसपास.”

“आन गिऱ्हाण तर सातव्यात हुतं!” आबा खुर्चीतून उठलेच. त्यानंतर गावात कुणी विषय काढला की ते बोटांवर महिने मोजून दाखवायचे आणि समोरच्याला ‘व्हय’ म्हणायला लावूनच सोडायचे.

तिला ओढून दूध पिता यायचं नाही, प्यायलं तर नाकातून यायचं. उभं धरून, वाटी-चमच्यानं, घोट घोट पाजावं लागे. त्यात सासूबाईंचा हात असा बसला की मी पाजायला घेतलं तर बाळ मानच फिरवायचं. वजन भरल्यावर ओठाचं ऑपरेशन झालं. नवा ओठ सुबक होता, तरी तिचं जुनं रुंद हसू गेलं म्हणून मला चुटपुट लागून राहिली. पहिला वाढदिवस झाल्यावर टाळू शिवली. मला वाटलं, सुटलो.

पण ती बोलायला लागली ती सगळं नाकातून. पाण्याला मानी, बाळाला माळ आणि आबांना आमा. आम्हाला त्याचं भारी कौतुक. तिचं ऐकून घरातले सगळेच आमा म्हणायला लागले. आबा तर ऐटीत ओ द्यायचे.

अंगणवाडीतली पोरं तिची नक्कल करायला लागली तेव्हा कौतुक उतरलं. शाळेत हिचं बोलणं कुणाला कळणार, या धास्तीनं आम्ही पुन्हा बारामती गाठली. तिथं बोलणं शिकवणाऱ्या मॅडम होत्या. त्यांनी तिच्या नाकाखाली छोटा आरसा धरला. म म्हणताना आरशावर वाफ येते, ब म्हणताना येता कामा नये, कारण तेव्हा हवा तोंडात अडवायची असते. आमच्या लेकीची वाफ दोन्हीला. टाळू शिवली होती, पण सवय जुनीच होती.

“हे आमा कोण?” लेकीची हाक ऐकून मॅडमनी विचारलं.

“मीच की,” आबांनी हात वर केला. “समदं घर लाडानं आमा म्हणतंय मला.”

“मग हिला ब ऐकायला मिळणार कुठं?”

आबांचा हात खाली आला. मॅडमनी सांगितलं, ती आमा म्हणाली तर ओ द्या, पण ‘आबा ना? आलो’ असं म्हणून द्या. सराव करूनही पहिलीत जाईपर्यंत फरक पडला नाही, तर कदाचित आणखी एक ऑपरेशन करावं लागेल. “आणि आरशासमोरचा ब मी धरत नाही,” त्या म्हणाल्या. “रागात आपसूक येईल तो खरा.”

आबांनी ते मनावर घेतलं. दिवसभर घरात ‘आबा ना? आलो’ चालायचं. आरशासमोर ब येई आणि अंगणात गेला की त्याचा म होई. पहिलीचं दप्तर आलं तरी तेच. मी मनातून हरले होते.

एका संध्याकाळी आबा गोठ्यासमोर दावं वळत बसले होते. लेक त्यांना जेवायला बोलवायला गेली. मी चुलीपाशी होते. “आबा, चला,” असं कानावर आलं. आबा हललेच नाहीत. पुन्हा आलं, “आबा!” तरीही ते मान खाली घालून वळत राहिले. तिनं पाय आपटला. “आबा! ऐकू येत न्हाय का?”

त्यांनी वर पाहिलं. “मला हाक मारत हुतीस व्हय गं? मला वाटलं, गावातलं कोण आलंय.”

मग त्यांच्या लक्षात आलं. हातातलं दावं खाली पडलं. “परत म्हण,” ते म्हणाले. तिनं म्हटलं. “आजून एकदा.” तिनं म्हटलं. त्यांचं आपलं चालूच, आजून एकदा, आजून एकदा. शेवटी ती वैतागली.

“बास की आता! भूक लागलीय मला.”

बास आम्ही तिला कधी शिकवलंच नव्हतं. तव्यावरची भाकरी करपली आणि मी तिथंच बसून पोटभर रडले.